वेळ लिहून घे

प्रिय ज्युनिअर,

तू माझी ज्युनिअर नाहीस, ठाऊक आहे. पण बाररूमच्या त्याच बाकावर पस्तीस वर्षं बसलेल्या माणसाला दुसरी हाक सुचत नाही. चालवून घे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी वाईट वाटलं, दुसऱ्या वेळी राग आला. राग सगळाच तुझ्यावर नाही. कुणावर ते पुढे कळेल.

तुझ्या त्या अशिलाला, त्या मुलाला, पोलिसांनी सोमवारी रात्री दहाला घरातून नेलं. कागदावर अटक मंगळवारी संध्याकाळी पाचची. बुधवारी दुपारी तीनला कोर्टात हजर. कागदाप्रमाणे २२ तास, त्याच्या आईच्या घड्याळाप्रमाणे ४१. तू बोलायला उठणार तेवढ्यात सिनिअरनी तुझी बाही ओढली. ‘आत्ता हे काढलंस तर पीसीआर, पोलीस कोठडी, वाढेल. गप्प बस, एमसीआर, न्यायालयीन कोठडी, होऊ दे, उद्या जामीन टाकू.’ तू बसलीस. जामीन झाला. आई तुझ्या पाया पडली. आणि आता तुला झोप येत नाही आणि तू मला विचारतेस, की घटनेतले हक्क फक्त परीक्षेपुरतेच असतात का, आणि तसं असेल तर कंपनीतली ती नोकरी घ्यावी का.

नोकरीचं तू ठरव, त्यात मी पडत नाही. पगार चांगला आहे म्हणतेस तर आहेच.

पण तू पत्रात तीनदा लिहिलं आहेस, ‘अटक मंगळवारी दाखवली’. आपल्या कोर्टाची भाषा बघ. अटक ‘केली’ असं कुणी म्हणतच नाही, ‘दाखवली’ म्हणतात. सगळी लबाडी त्या एका क्रियापदात बसली आहे आणि तू एका वर्षात ती शिकलीससुद्धा. सोमवार रात्र ते मंगळवार संध्याकाळ तो मुलगा ठाण्यातल्या बाकड्यावर होता. कोण म्हणून? आरोपी नाही, साक्षीदार नाही, पाहुणा तर नाहीच. ‘चौकशीला बोलावलंय.’ ते १९ तास त्याची कुठे नोंदच नाही. त्या तासांत त्याला मारलं असतं, कोऱ्या कागदावर सही घेतली असती, तरी ‘तेव्हा तो आमच्याकडे नव्हताच’ एवढं म्हणून भागलं असतं.

घटनेचा अनुच्छेद २२(२) तुला पाठ आहे. अटकेपासून २४ तास, प्रवासाचा वेळ वगळून. मग अटक सुरू कधी होते? मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच, कस्टम्सच्या एका प्रकरणात, सांगून ठेवलं आहे की माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधन आलं त्या क्षणापासून. अधिकाऱ्याने कागदावर जी वेळ टाकली तिच्यापासून नव्हे. म्हणजे कायदा तुझ्या बाजूने उभा होता. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून उभा होता. तुझ्याकडे नव्हता तो फक्त एक आकडा, कुठल्यातरी कागदावर, कुणाच्यातरी सहीखाली. वेळ लिहून घे. मी तुला दुसरं काहीही शिकवू शकत नाही, आणि हे एवढं शिकायला मला एक माणूस खर्ची घालावा लागला.

त्याच्याकडे येतो. आधी जरा चिडू दे.

‘सरकारच हक्क पाळत नसेल तर लिहिलेत कशाला,’ असं तू विचारतेस. अगं, सरकार पाळणार नाही हे गृहीत धरूनच लिहिलेत! जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा, म्हणजे कलम २१ चा मसुदा ठरताना ‘ड्यू प्रोसेस’, म्हणजे पद्धत न्याय्यही हवी ही अट, गळली आणि ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली. म्हणजे संसद जी पद्धत ठरवील ती. सभागृहात आणि बाहेर लोक त्यावर नाराज होते. तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये आंबेडकरांनी १५-अ हा नवा अनुच्छेद मांडला, आणि आधी जे गेलं त्याची ही भरपाई आहे, असं स्वतःच सांगितलं. तोच आजचा २२. कारण सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. यात स्वातंत्र्य, प्रतिष्ठा असले मोठे शब्द नाहीत. घड्याळ आहे. मोठे शब्द वळवता येतात, हे त्या माणसाला पक्कं कळलेलं होतं.

आणि त्याच अनुच्छेदाच्या खालच्या अर्ध्यात प्रतिबंधक स्थानबद्धता आहे, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच माणसाला आत टाकणं. वरचं एकही संरक्षण तिला लागू नाही, सल्लागार मंडळापुढे न जाता ३ महिने आत. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ते ३ महिने २ वर आणायचं ठरलं. संसदेने मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमतीही झाली. पण ते कलम अमलात येणार सरकार अधिसूचना काढील त्या तारखेला, आणि ती तारीख आजतागायत कुणी लिहिलेली नाही. सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली. तारीख न लिहिण्यात केवढी सत्ता असते ते बघ. ठाणे अंमलदार छोट्या प्रमाणात तेच करतो. म्हणून म्हणतो, वेळ लिहून घे.

आणीबाणीचं तू वाचलं आहेस, मी फक्त एक गोष्ट काढतो. मिसामध्ये, म्हणजे खटल्याविना आत टाकायच्या त्या कायद्यात, दुरुस्ती करून सरकारने अटकेचं कारण सांगण्याचीच जबाबदारी काढून टाकली. तरी देशभरातल्या ९ उच्च न्यायालयांनी म्हटलं की अटक कायद्याला धरून आहे का, हे आम्ही तपासू शकतो. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ अशा मतांनी ते पुसलं. सुनावणीत न्या. हंसराज खन्नांनी विचारलं होतं की पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीव घेतला तरीही दाद नाही का? ॲटर्नी जनरलनी नाही म्हणून सांगितलं. विरोधातलं एकमेव मत खन्नांचं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ न्यायाधीशांना सरन्यायाधीश केलं, त्यांनी राजीनामा दिला. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो १९७६ चा निकाल रद्द केला. मुख्य निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे १९७६ च्या बहुमतातल्या यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव. यावर लोक कौतुकाने माना डोलावतात. मला त्यात दिसतं ते वेगळंच. खन्नांनी नुसता चेहरा पाडला असता, चेंबरमध्ये हळहळले असते, तर ४१ वर्षांनी कुणी काय उचललं असतं? त्यांनी लिहून ठेवलं होतं, म्हणून सापडलं.

तू आणि मी खन्ना नव्हे. आपल्याला एक ओळ लिहायची असते, तीसुद्धा आपण लिहीत नाही.

१९९४. शेतातल्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली, गावातल्या एका मुलाला गुरुवारी रात्री उचलला. अटक दाखवली शनिवारी दुपारी. रविवारी सुट्टीच्या न्यायाधीशांपुढे उभा केला. त्याच्या वडिलांनी मला सगळं सांगितलं होतं, वेळेसकट. एसटीची शेवटची गाडी गेल्यावर जीप आली, इतकं नेमकं. मी म्हणालो, ‘काका, आत्ता तोंड उघडायचं नाही. जामीन महत्त्वाचा.’ न्यायाधीशांनी ठरलेला प्रश्न विचारला, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी फाइलमध्ये पाहिलं. रोजनाम्यात, कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, दोन शब्द पडले, ‘तक्रार नाही’.

तीन दिवसांत जामीन झाला. त्याच्या आईनेही असेच पाय धरले होते.

दोन वर्षांनी खटला उभा राहिला. सगळा भार एका निवेदन पंचनाम्यावर, म्हणजे आरोपीने माल काढून दिल्याच्या कागदावर. आरोपीने अटकेत असताना शनिवारी संध्याकाळी स्वखुशीने कडब्याच्या गंजीतली मोटर काढून दिली म्हणे. ती बाहेर निघाली होती शुक्रवारी सकाळी, तो मुलगा कागदावर स्वतःच्या घरी झोपलेला असताना. मी उलटतपासात तपासी अंमलदाराला विचारलं, ‘गुरुवार रात्रीपासून आरोपी तुमच्या ताब्यात होता ना?’ तो शांतपणे म्हणाला, ‘हे म्हणणं खोटं आहे.’ आणि सरकारी वकिलांनी उठून रोजनाम्यातले ते दोन शब्द वाचून दाखवले. माझ्याच हजेरीतले. एक वर्षाची शिक्षा झाली. पंचनामा खोटा ठरलाच असता असं मी म्हणत नाही. कदाचित मोटर त्यानेच चोरली असेल! पण संशय घ्यायची जागा मी स्वतःच्या हाताने लिंपून टाकली होती.

बरीच वर्षं मी स्वतःला समजावत होतो. तेव्हा पद्धतच तशी होती. अटकेचे नियम घालून देणारा सर्वोच्च न्यायालयाचा बासूचा निकाल यायचा होता, अटकपत्रकावर नातेवाइकाची सही वगैरे काही नव्हतं. वडील गरीब होते, पीसीआर वाढला असता तर मुलाला आणखी मार बसला असता, तेव्हा मी केलं ते व्यवहाराला धरूनच होतं. अजूनही मला ते निम्मं पटतं, तुझ्यापासून काय लपवायचं. पण बासूचा निकाल नव्हता तरी २२(२) १९५० पासून होतंच ना. आणि तो निकाल आला कशातून? पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्याचं काम करणाऱ्या एका माणसाने कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं, त्यातून. निकाल लागला डिसेंबर १९९६ मध्ये. माझ्या पोराची शिक्षा तोवर भोगून होत आली होती.

म्हणून ‘सर, मग मी भांडायला हवं होतं का’ हा तुझा प्रश्न मला चिडवतो. भांडायला कुणी सांगितलं? तुमची पिढी एकतर सिनेमातल्यासारखं टेबल आपटते नाहीतर घरी जाऊन रडते. मधे एक पुरशीस असते, कोर्टात द्यायचं छोटं लेखी निवेदन. ‘आरोपीच्या नातेवाइकांच्या सांगण्यानुसार त्यास सोमवारी रात्री १० वाजता ताब्यात घेतले, याची नोंद व्हावी.’ संपलं. आवाज चढवायचा नाही, पोलिसांना खोटारडं म्हणायचं नाही, लगेच सुटकाही मागायची नाही. कागद रेकॉर्डवर गेला की तुझं त्या दिवसाचं काम झालं. त्याने पीसीआर दोन दिवस वाढेलही. वाढणारच नाही असं सांगून मी तुला फसवणार नाही.

ठाण्यात गेलीस तर आधी घड्याळ बघ, मग साहेबांकडे बघ. सीआरपीसीच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६ म्हणतं की अटकपत्रकावर घरातल्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठिताची साक्ष हवी, आरोपीची सही हवी. ती सही करायला बापाला उभा कर आणि सहीखाली त्याच्या हाताने वेळ टाकायला लाव. पत्रकातली वेळ आणि त्याची वेळ वेगळी असेल तर असू दे, भांडण कागदावरच राहू दे. अटकेची कारणं आता सगळ्याच गुन्ह्यांत लेखी द्यावी लागतात, आरोपीला कळेल अशा भाषेत. हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, आपल्याच राज्यातल्या प्रकरणात, स्पष्ट केलं आहे. रिमांडला उभं करण्याच्या किमान दोन तास आधी ती हातात हवीत. ती किती वाजता मिळाली? तीही वेळ लिहून घे. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे ठाण्यात सीसीटीव्ही असायला हवेत, चित्रण १८ महिने, ते जमत नसेल तर निदान वर्षभर जपायला हवं. त्या चित्रणासाठी तू अजून अर्ज केलेला नाहीस, हे तुझ्या पत्रावरूनच दिसतं. कॅमेरा बंद होता असं उत्तर आलं, तर तेही लेखी घे.

निकाल आला म्हणजे ठाण्यात पोचला असं समजू नकोस. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ आठवतं ना, २०१२ मध्ये पालघरच्या त्या दोन मुलींना फेसबुकवरच्या चार ओळींसाठी ज्या कलमाखाली धरलं होतं ते? २०१५ मध्ये ते रद्द झालं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच कळलं की मेलेल्या कलमाखाली गुन्हे अजून नोंदवले जाताहेत. न्यायमूर्तींना धक्का बसला. मला नाही बसला. दिल्लीतून निघालेला कागद तालुक्याच्या ठाण्यात आपोआप चालत येत नाही, कुणाला तरी तो हातात धरून टेबलावर ठेवावा लागतो, आणि ठेवणारा बहुतेक वेळा तुझ्यासारखाच घाबरलेला असतो.

(पोलिसांवर मी राग धरून नाही, हेही सांगून ठेवतो. वरून ‘आजच्या आज डिटेक्शन दाखवा’ म्हणून फोन येतो, माणसं अपुरी, ड्युटीला अंत नाही. माझा एक जुना मित्र फौजदार होता. निवृत्तीनंतर म्हणाला, ‘वकील वेळ विचारायला लागला ना, की आमचाही हात आपोआप आखडायचा.’ नोकरीत असताना हे सांगितलं असतंस तर, असं मी त्याला म्हणालो. त्यावर तो नुसता हसला.)

आता तुझा मुलगा. जामीन झाला म्हणजे प्रकरण संपलं नाही, दोषारोपपत्र यायचं आहे. त्याच्या आईला उद्याच बोलाव. लोक वेळ विसरतात. महिन्याभराने ‘दहा’चे ‘दहा-साडेदहा’ होतात, सहा महिन्यांनी ‘जेवणं झाल्यावर’. त्या रात्री तिने कुणाकुणाला फोन केले ते मोबाइलमध्ये असेल, त्याचे तपशील काढून ठेव. शेजारी कोण जागं होतं ते विचार. शपथपत्र करून घे. सिनिअरना सांगून कर, त्यांना न सांगता करू नकोस. ते ओरडतील, ओरडू देत.

आणि मग मुलाला एकट्याला बसव आणि विचार, की हे कोर्टापुढे आणायचं आहे का. नको म्हणाला तर कागद फाइलला लावून ठेव आणि गप्प राहा. जोखीम त्याची आहे, तुझी झोप त्यापुढे महत्त्वाची नाही. पण त्यालाच विचार, आईला नको. मी त्या रविवारी सगळं वडिलांशी बोललो होतो. तो मुलगा तिथेच, दोन हातांच्या अंतरावर, बेडीत उभा होता.

तुझा,
जुना वकील