आजीला गोड करून छापू नका

प्रश्न : ताई, आम्ही घणसोली गावातले, आगरी. माझी आजी मागच्या वर्षी गेली. ती धवलारीन होती, आसपासच्या गावांत लग्न निघालं की धवले, म्हणजे लग्नाच्या विधींची गाणी, म्हणायला तिलाच बोलवायचे, एरवी सुकी मच्छी विकायची. तोंडाने फटकळ, पण दारात आलेला माणूस तिने कधी उपाशी जाऊ दिला नाही. आता वर्षश्राद्ध आलंय, काका आठवणींची पुस्तिका छापतायत आणि नाक्यावर फ्लेक्सपण लावणारेत. मजकूर माझ्या भावाने लिहिलाय, त्यात आजी म्हणजे नुसती शांत, प्रेमळ, सगळं निमूट सोसणारी माऊली, वाचून मला ती ओळखूच येईना. आजोबा गेल्यावर, नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्याच्या प्लॉटला वारस म्हणून माझ्या दोन्ही आत्यांची नावं लागलीच पाहिजेत यासाठी ती अख्ख्या भावकीशी भांडली, हक्कसोडपत्रावर आत्यांना सही करू दिली नाही, त्याबद्दल एक ओळ नाही. काका म्हणतात गेलेल्या माणसाची भांडणं कशाला उकरायची. माझं चुकतंय का?
– घणसोलीची नात

उत्तर : अजिबात नाही गं. काकांचंही कळतं मला, वर्षश्राद्धाच्या पंगतीला तीच भावकी बसणारे आणि पुस्तिका त्यांच्याच हातात पडणारे. पण म्हणून आजीच्या आयुष्यातलं सगळ्यात हिमतीचं काम गाळायचं म्हणजे कमाल झाली.

तुमच्या भागात त्या प्लॉटची किंमत नुसती पैशांत नाही ना होत. १९७० ला नवी मुंबई वसवायला सरकारची सिडको आली, शेती गेली, मिठागरं गेली, जानेवारी १९८४ ला उरण भागातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के आले. इतकं करून मिळालेल्या जमिनीत लेकींचं नाव नको, असं घरातलेच म्हणायला लागतात! नवरा मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा वाटा, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच आहे, तरी माहेर तुटेल या भीतीने किती बहिणी आजही गुपचूप सही करतात ते तूही बघत असशील. तुझ्या आजीने ती भीती लेकींच्या डोक्यावरून काढून स्वतःच्या अंगावर घेतली. हे छापायचं नाही तर काय छापायचं?

फक्त लिहिताना हिशोब चुकते करायला बसू नकोस. कोण काय बोललं, कोणी दार बंद केलं, ते राहू दे. आजीने काय केलं तेवढंच, आणि तेही शक्यतो आत्यांच्याच तोंडून. दोघींना बसव, बोलू दे, जसं बोलतील तसं आगरीतच उतरव, शुद्ध करत बसू नकोस. काकांना छापायच्या आधी वाचून दाखव, त्यांचीही आईच होती ती, कदाचित त्यांना वेगळंच काही आठवेल. आणि तिच्या दोन-चार खणखणीत शिव्या राहू देत, फार झोंबणाऱ्या नसतील तर. फ्लेक्सवरून भांडू नकोस, लावू दे त्यांना, महापालिकेची परवानगी काढा म्हणजे झालं.

मला खरी काळजी वेगळीच आहे, तुझ्या पत्रात जिच्यावर एकच वाक्य आहे ती. धवले! ते कुठल्या पोथीत बघून म्हणत नाहीत, एकीच्या तोंडून दुसरीने उचललेले असतात, कुठल्या विधीला कुठला धवला हा क्रम डोक्यात असतो आणि गाव बदललं की शब्दही थोडे बदलतात. म्हणजे आजीबरोबर बरंच गेलंय. उरलेलं शोधायचं तर घरातल्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी काढ, पण त्यात एक गोची असते, एडिटिंगवाले मूळ आवाज काढून वर सिनेमाची गाणी टाकायचे, त्यामुळे ज्यात मांडवातला कलकलाट जसाच्या तसा ऐकू येतो ती कॅसेट सोन्याची समज. हळदीच्या रात्री कोणीतरी मोबाईलवर शूट केलेलं असतंच, नातेवाइकांकडे माग. आजीचा स्वतःचा फोन घरात पडून असेल तर रीसेट करून कोणाला देऊ नका, त्यातलं सगळं आधी काढून दोन ठिकाणी ठेव, व्हॉट्सअॅपचं अकाउंट तर १२० दिवस वापरलं नाही की साधारण डिलीटच होतं. तिने तुम्हाला पाठवलेले व्हॉइस मेसेज तुमच्या फोनमध्ये असतील, तेही बाजूला काढा, भले त्यात ती बोंबील वाळत घाल एवढंच सांगत असू दे.

मग तिच्याबरोबर धवले म्हणणाऱ्या बायका. त्यांना विचारून रेकॉर्डिंग कर, नुसतं गाणं नको, मध्येमध्ये त्या जे सांगतील तेही, हा कधी म्हणायचा, आजी इथे काय वेगळं घ्यायची, कुठे चिडायची. नंतर सगळं लिहून काढलंस तर ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं, तिथे एक प्रत ठेवून घेतील का विचारून ये.

पुस्तिका श्राद्धापर्यंत नाही झाली तर पुढे छापा, बिघडत नाही काही. त्या बायका मात्र आजीच्याच वयाच्या असणार, त्यांच्याकडे या रविवारीच जा.