बाबांना बडोद्याला आणते आहेस, तर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेलं सहलीचं वेळापत्रक वाचलं. पहिल्या दिवशी लक्ष्मी विलास पॅलेस आणि म्युझियम, दुसऱ्या दिवशी सरदार पटेलांचा पुतळा, तिसऱ्या दिवशी पावागड आणि मधे कुठेतरी ‘बाबांचं जुनं घर – अर्धा तास’. त्या अर्ध्या तासासाठी हे पत्र लिहिते आहे.

माझा जन्म इथलाच आणि मी राहिलेही इथेच. नोकरीपायी पुण्या-मुंबईला गेलेली आमच्या भागातली माणसं थंडीत मुलानातवंडांना घेऊन येतात, ती मी कितीतरी वर्षं पाहते आहे. ज्याचं हे गाव होतं, त्यालाच घरचे पाहुणा करून टाकतात. आजोबांना गाडीत पुढे बसवतात, रस्ता मोबाइल सांगतो, कुठे जेवायचं ते मुलं ठरवतात. आजोबा ‘इथे पूर्वी...’ म्हणून सुरुवात करतात, तेवढ्यात गाडी पुढच्या चौकात पोचलेली असते. तू तसं करू नकोस. या वेळी यजमान बाबा, आणि तुम्ही सगळे त्यांचे पाहुणे.

म्हणून पुतळा आणि पावागड या खेपेला सोड. पुतळ्याला जाऊन येण्यात अख्खा दिवस जातो. तो तुम्हाला पुढे कधीही बघता येईल. बाबांच्या गुडघ्यांचं तसं नाही. एक पूर्ण सकाळ फक्त चालायला ठेव. दांडिया बजारातून निघा, रावपुऱ्यातून सूरसागरच्या काठाने न्यायमंदिर, मग लहेरीपुरा दरवाजातून आत मांडवीपर्यंत. जुन्या माणसाचं बडोदं बरंचसं या पट्ट्यात आहे. अंतर फार नाही, पण दोन तास लागले तरी लागू देत. रिक्षा करायची झालीच, तर भाडं बाबांना ठरवू दे. पहिलं वाक्य अडखळत येईल, तिसऱ्या वाक्याला गुजराती अशी सुटेल की तुझी मुलं त्यांच्याकडे बघत राहतील. सेव-उसळीच्या गाडीवरही ऑर्डर त्यांनीच द्यायची. लाल तर्री मुलांना झेपणार नाही, त्यांना वर नुसती शेव जास्त घालून दे.

बाबा जुन्या गोष्टी सांगताना काही चुकले, तर दुरुस्त करू नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे. दुकान डावीकडे होतं की उजवीकडे, शाळेला किती खोल्या होत्या, हे मोबाइलवर शोधून त्यांना दाखवायला जाऊ नकोस. त्यापेक्षा विचार: ‘त्या दुकानात तुम्हाला कोण पाठवायचं? पैसे कोण द्यायचं?’ असं विचारलंस की ते बोलत राहतील.

आता घराचं. मी स्वतः जाऊन पाहून आले. वाड्याचा मागचा भाग पाडून तिथे तीन मजली इमारत झाली आहे. पुढचा ओटा, त्यावरचे दोन लाकडी खांब आणि दाराची चौकट अजून आहे. खांबाच्या वरच्या टोकाचं नक्षीतलं एक कमळ फुटलंय, बाकी शाबूत. हे बाबांना पुण्यातच सांग. दारात उभं राहिल्यावर कळायला नको. आता तिथे राहणारं कुटुंब भलं आहे, मी त्यांच्याशी बोलले आहे. जाताना पेढे ने. त्यांनी आत बोलावलं तर जा, पण मुलांना जिन्यावर धावू देऊ नकोस आणि व्हिडिओ तर मुळीच काढू नकोस. ते आता त्यांचं घर आहे. बाबा ओट्यावर टेकले तर त्यांना बसू दे. ‘चला, उशीर होतोय’ म्हणणारं त्या वेळी कोणी नको.

मुलांना वाडा म्हणजे काय ते आतून बघायचं असेल, तर रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे. संस्थानच्या दिवाणांचा हा वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. भिंतीभर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत: कृष्णलीला, महाभारत, मराठे आणि इंग्रजांची लढाईसुद्धा. ती बघून झाली की आजोबांच्या गोष्टींतलं माजघर आणि अरुंद जिना मुलांना कळेल.

मांडवीकडचं मध्यवर्ती वाचनालयही चुकवू नका. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून गावोगावी वाचनालयं उभी करायला घेतली, त्या कामाचं हे मूळ ठाणं. पुस्तकांच्या दालनातली जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत यावा म्हणून. खालून वर पाहिलं की माणसांच्या चपलांच्या सावल्या हलताना दिसतात. आत सोडायला विचारावं लागेल, तेही बाबांनाच विचारू दे. तिथे मुलांना त्यांच्या खापरपणजीबद्दल सांग. १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, मुलींनाही. तिला लिहिता-वाचता येत होतं ते त्यामुळे. तुमच्या घरातल्या बायका शिकल्या, त्याची सुरुवात इथे आहे.

याच सहलीत आणखी एक गोष्ट मुलांना सांगायची आहे आणि ती टाळू नकोस. कमाटीबागेत म्युझियम आहे, मुलं तिथे रमतील. त्याच बागेत संकल्पभूमी आहे, बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढायचा संकल्प केला ती जागा. सयाजीरावांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा एवढ्या मोठ्या गावात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत ते राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. गाडीची वेळ होईपर्यंत ते या बागेत बसून होते. तुमच्या माझ्या घरांना या शहराने मायेने वागवलं, म्हणून ‘आमचं बडोदं किती चांगलं’ एवढंच सांगून मुलांना परत नेऊ नकोस. तुझी मोठी दहा वर्षांची आहे, तिला समजेल. बाबांना यावर काय वाटतं तेही तिला विचारू दे. त्यांच्या लहानपणी आपल्या वाड्यांत कोणाला आत घेत आणि कोणाला ओट्याखाली उभं करत, ते त्यांनी पाहिलेलं आहे.

कधी यायचं, तर पावसाळ्यात नाहीच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं होतं आणि मगरी वस्तीत आल्या होत्या. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांतही टाळ. मुलांना पतंगांची मजा वाटेल, पण त्या दोन दिवसांत रिक्षा मिळत नाही आणि रस्त्यावर मांजाची भीती असते. जानेवारीच्या शेवटी, २६ तारखेची सुट्टी जोडून ये. वाचनालय सुट्टीला बंद असेल, ते आदल्या दिवशी करा. नशीब असेल तर मगरी काठावर ऊन खाताना पुलावरून दिसतील. मुलांना परतल्यावर शाळेत सांगायला तेवढं पुरे.

हॉटेल अलकापुरीतलं नको, दांडिया बजाराच्या जवळचं घे, म्हणजे सकाळी बाबांना कोणाला न उठवता एकट्याने खाली उतरून चहा घेता येईल. जाऊ दे त्यांना. फोन मात्र खिशात ठेवायला सांग.

तिकिटं झाली की कळव. चालायची सकाळ ठरेल त्या दिवशी दुपारचं जेवण माझ्याकडे. बाबांच्या बरोबरीचे दोघे अजून याच भागात आहेत, त्यांनाही बोलावते. औषधांच्या वेळा आणि मीठ किती चालतं ते आधी लिही.

तुझी,
मावशी