जंगलातल्या जाड वेली झाडांना मारतात का? त्या तोडाव्यात का?

तुम्ही विचारलंय की झाडांवर चढलेल्या मनगटाएवढ्या जाड वेली झाडाचा रस शोषतात का, आणि झाडं वाचवायची तर त्या सरसकट तोडाव्यात का. रस शोषत नाहीत. आणि सरसकट तर कृपा करून तोडू नका.

काष्ठवेलीची, म्हणजे अशा लाकडी खोडाच्या वेलीची, मुळं जमिनीत असतात, पानं स्वतःची असतात. झाडाकडून तिला हवा असतो तो आधार. फांदीत मूळ घुसवून पाणी ओढतं ते बांडगूळ. बुंध्याला जाळीसारखा विळखा घालणारा वडाच्या जातकुळीतला वृक्षही निराळा, तो बहुधा वरच्या बेचक्यात रुजून मुळं खाली सोडतो. म्हणून कोयता उचलण्याआधी खोडाचा माग काढत ते जमिनीत कुठे शिरतं ते बघा.

तुटून पडलेल्या जाड वेलीचा आडवा काप जवळून पाहा. पुष्कळ जातींत झाडासारखं सलग लाकूड दिसत नाही. लाकडाच्या फाकांमध्ये मऊ पेशींच्या पट्ट्या असतात, त्यामुळे खोड दोरासारखं पिळलं तरी मोडत नाही. सुईने टोचल्यासारखी भोकं नुसत्या डोळ्यांना दिसतात, त्या पाण्याच्या नळ्या. स्वतःच्या बळावर उभं राहायचं नसल्याने वेल बुंधा पोसत नाही, बारीक खोडातून भरपूर पाणी वर चढवते आणि सगळा जोर पानांवर लावते. कडाक्याच्या थंडीत या रुंद नळ्यांतलं पाणी गोठलं की हवेचे बुडबुडे धरतात आणि पाणी तुटतं. थंड प्रदेशात काष्ठवेली कमी, त्याचं हे एक मोठं कारण.

झाडाचं नुकसान होतं ते सावलीने, वजनाने आणि जमिनीखालच्या पाण्याच्या ओढाताणीने. ते किरकोळ नाही. पनामातल्या जंगलात वेली काढलेले आणि राखलेले तुकडे वर्षानुवर्षं मोजले गेले. २०१५ साली आलेला निष्कर्ष असा की वेलींमुळे जमिनीवरच्या भागात दरवर्षी पडणारी कार्बनची निव्वळ भर सुमारे ७६ टक्क्यांनी घटली. त्यात एक झाड कोसळलं की वेलींनी जखडलेली शेजारची झाडंही ओढली जातात. वेली मात्र पडूनही जगतात, पुन्हा फुटतात आणि मोकळी जागा अशी व्यापतात की रोपांना वर यायला वाव उरत नाही.

तरीही त्या हव्यात, कारण कोरड्या हंगामात झाडं निष्पर्ण असताना बऱ्याच वेली हिरव्या असतात. पाला, मध, फळं तेव्हा त्यांच्याकडे मिळतात. माकडं आणि खारी खाली न उतरता एका शेंड्यावरून दुसऱ्यावर जातात ती याच दोरांवरून.

तेव्हा निवाडा झाडागणिक करा. झाडाच्या छत्राचा, म्हणजे वरच्या फांद्या-पानांच्या पसाऱ्याचा, किती भाग वेलीने झाकलाय त्याला अंक द्या: अजिबात नाही तर ०, पाव भागापर्यंत १, निम्म्यापर्यंत २, पाऊण भागापर्यंत ३, त्यापुढे ४. माझ्या मते ज्याला खरंच वाढवायचंय अशा झाडावर ३ किंवा ४ असेल तरच हात घालावा. वेलीची जाडी मोजताना टेप जमिनीपासून सरळ वर धरू नका. मूळ धरलेल्या जागेपासून खोडाच्या वळणावळणाने १३० सेंमी जा आणि तिथे व्यास घ्या.

तोडताना एक काप जमिनीलगत, दुसरा छातीच्या उंचीवर, आणि मधला तुकडा बाजूला. लोंबणारा भाग ओढू नका, फांद्या अंगावर येतात. तो आपोआप वाळून, कुजून पडतो. झाड पाडायचं असेल तर वेली निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर आधी तोडा. आयत्या वेळी तोडलेली वेल अजून चिवट असते, ती शेजारच्या झाडाला घेऊनच खाली येते. बुडख्याला फुटवे येणारच, आणि जमिनीवर पडलेले जिवंत तुकडेही मूळ धरतात. वर्षभराने त्याच झाडांशी परत एक फेरी मारावी लागते.