नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे पत्र तुझ्या बाबांच्या हाती लागलं तर 'काकांनी पोरीला पुन्हा चढवलं' असं व्हायला नको. नाव नसलं की निदान कानावर हात ठेवता येतात. (बघ, पहिल्याच ओळीत तुला नाकारायला शिकवतोय. पुढे सगळं याच्या उलट सांगणार आहे.)

परवा ओटल्यावर बसून तू बोललीस आणि मी एका प्रश्नापलीकडे नुसतं हं हं करत राहिलो. रात्री दोनला उठून बसलो. आपल्या बडोद्यात, तुमच्या गल्लीत, सकाळी नळाला पहिली पंधरा मिनिटं गटाराच्या वासाचं पाणी येतं. तू मोबाइलवरून तक्रार केलीस, तिसऱ्या दिवशी 'निकाली' असा मेसेज आला, पाणी तसंच. मग तू रील टाकलीस, ती 11 हजार लोकांनी पाहिली, बाबांना एका कॉर्पोरेटरचा फोन आला आणि घरात रामायण झालं. आता रील ठेवू की काढू, असा तुझा प्रश्न.

ठेव नाहीतर काढ. मला त्यात काडीचा रस नाही. शाब्बासही म्हणणार नाही, कारण घाण पाणी आल्यावर ते घाण आहे असं सांगण्यात शाब्बास कसली? मी तुला एवढंच विचारलं होतं की तक्रारीचा नंबर कुठे आहे. तू म्हणालीस, "मेसेजमध्ये होता काका, बहुतेक उडाला."

तिथे माझं डोकं फिरलं. 11 हजार लोकांनी पाहिलेली गोष्ट तुझ्याकडे आहे आणि सहा-आठ आकड्यांचा नंबर नाही!

मी बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली पहिली नऊ आवक-जावकच्या टेबलावर. पलीकडून कागद कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. आलेल्या पत्रावर शिक्का मारून रजिस्टरात चढवलं की ते पत्र 'असतं'. त्याचं उत्तर द्यावं लागतं, निदान ते कोणाच्या टेबलावर अडलंय हे तरी सांगावं लागतं. न चढवलेलं पत्र म्हणजे वाऱ्यावरचं पान. एका म्हाताऱ्या खातेदाराचं पत्र मी स्वतः ड्रॉवरमध्ये सारलं होतं, 'साहेब आले की बघू' म्हणून. साहेब आले, मी विसरलो. तो माणूस चार महिन्यांनी पुन्हा आला तेव्हा मी त्याला काय म्हटलं असेल? "आमच्याकडे तर काही नोंद नाही, काका." खोटं नव्हतं ते. नोंद नव्हतीच.

म्हणून सांगतो: नंबर घे. कागद दिलास तर दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख आणि आवक नंबर घे. मोबाइलवरून केलीस तर नंबर वहीत उतरव, हाताने. मोबाइलला माझा विरोध नाही, माझा मुलगा समजतो तसा. नंबर तो नंबर. पण फोन बदलतो, मेसेज उडतो, वही राहते. 'निकाली' आलं आणि काम झालं नसेल तर नवी तक्रार कर आणि पहिल्याच ओळीत लिही: अमुक नंबरची तक्रार अमुक तारखेला निकाली दाखवली आहे, पाणी आजही तसंच येतं. म्हणजे दुसरी तक्रार पहिलीचा पदर धरून चालते. नाहीतर दर वेळी तू नवीकोरी आणि दर वेळी ते अजाण.

आता तुझी तक्रार वाचली ते सांगतो. तू लिहिलंस, "आमच्या भागात कायम घाण पाणी येते, रस्ते खराब आहेत, दिवे बंद असतात, कोणी लक्ष देत नाही." अगं, हे काय आहे? ही तक्रार नाही, हा उसासा आहे. पाण्याचं खातं वेगळं, ड्रेनेजचं वेगळं, रस्त्याचं वेगळं, दिव्यांचं वेगळं. रस्त्यावरचा दिवा महापालिकेचा, पण घरातली वीज गेली तर मध्य गुजरात वीज कंपनी. असा चार तोंडांचा कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहतो आणि कोणी त्याला आपला म्हणत नाही. एका कागदात एक दुखणं. चार दुखणी असतील तर चार कागद, चार नंबर.

आणि 'कायम' म्हणजे केव्हा? पाण्याचं जरा नीट समजून घे, कारण इथे तुझं निरीक्षण बरोबर होतं आणि तेच तू लिहिलं नाहीस. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं, तासाभराचं येतं. उरलेला वेळ नळी रिकामी, आत दाब नाही. अशा वेळी जुन्या सांध्यातून, चिरेतून शेजारच्या ड्रेनेजचं पाणी आत झिरपतं. सकाळी पाणी सुटलं की आधी तो साठा बाहेर पडतो, मग स्वच्छ यायला लागतं. म्हणजे 'पहिली पंधरा मिनिटं वास, मग बरं' हे तुझं वाक्य सोन्याचं आहे. शहराला पाणी पुरवणाऱ्या आजवा सरोवरात किंवा मही नदीतल्या फ्रेंच वेलमध्येच (नदीपात्रातल्या विहिरींमध्येच) बिघाड असता तर पूर्ण तासभर आणि अर्ध्या शहरात तसंच पाणी आलं असतं. तुझं दुखणं जवळचं आहे, गल्लीतलं आहे. मग घरोघर विचार: कोणाकडे येतं, कोणाकडे नाही? पहिल्या तीन घरांत चांगलं आणि चौथ्यापासून वास असेल तर खणायचं कुठे ते तूच त्यांना सांगितलंस. तारीख, वेळ, घर, किती मिनिटं. आठ दिवसांची नोंद कर. क्लोरीन तपासायचं साधं किट मिळतं, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. नळाशी लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असं भारतीय मानक आहे. पाणी पिवळं झालंच नाही तर तेही लिही. जंतूंसाठी एच-टू-एसची बाटली मिळते, पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं की समजायचं. आणि तोवर पाणी उकळून प्या, हे सांगायला मी कशाला हवा.

हे सगळं तीन ओळींत बसतं. तीनच ओळी लिही. रागाची ओळ काढून टाक. राग खरा असतो, पण त्याला आवक नंबर मिळत नाही.

आता माझं ऐक. हे मी सहसा सांगत नाही.

आमच्या जुन्या घराच्या कोपऱ्यावरून पावसाळी कांस, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला, जाते. तिच्यावरची एक फरशी तुटली होती, दीड-दोन फुटांचं भोक. ते काम ज्यांच्याकडे होतं त्यांच्यात माझा एक मित्र होता. गणपतीत आम्ही एकत्र नाटकं बसवायचो. तो नायक, मी प्रॉम्प्टर. आता मित्राला अर्ज देतं का कोणी? मी त्याला चहाच्या लारीवर सांगितलं. तो म्हणाला, "थई जशे." होऊन जाईल. महिन्याने पुन्हा सांगितलं. "थई जशे, यार." तिसऱ्यांदा त्याच्या घरी, दिवाळीच्या फराळाला सांगितलं. आपला माणूस आहे, कागद दिला तर त्याला अपमान वाटेल, असं माझं चाललेलं.

31 जुलै 2019. तू लहान होतीस, पण तो पाऊस तुला आठवत असेल. एका दिवसात जवळपास 20 इंच पडला. गल्लीत गुडघाभर पाणी, रस्ता कुठे आणि कांस कुठे काही कळेना. समोरच्या मावशी औषध आणायला निघाल्या आणि त्यांचा पाय त्या भोकात गेला. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर दोन वर्षं होत्या, पण जिना पुन्हा उतरल्या नाहीत. खिडकीतून मला हाक मारायच्या, "अहो, आज गल्लीत काय नवीन?" मी वर बघायचो नाही.

चौकशी झाली. पहिला प्रश्न, "या फरशीबद्दल कोणाचा अर्ज आहे का?" नव्हता. मी मित्राकडे बघितलं. तो म्हणाला, "तू मला केव्हा सांगितलंस?" तो खोटं बोलत होता की खरंच विसरला होता, मला आजही माहीत नाही. मीही पलीकडच्या खुर्चीत बसून एका म्हाताऱ्याला विसरलोच होतो. माझ्याकडे तीन चहा होते, एक फराळ होता, नंबर नव्हता.

त्याच आठवड्यात मी अर्ज दिला. कधी, कुठे, कितींदा तोंडी सांगितलं ते सगळं त्यात लिहिलं. नोटीस निघाली. त्याला निवृत्त व्हायला सात महिने होते. माझी बायको म्हणाली, "फरशीसाठी लिहायचं होतं, माणसासाठी कशाला लिहिलंत?" तो बोलेनासा झाला. गणपतीत मंडपात समोरासमोर आलो तरी बोलत नाही. लोक म्हणतात मी सूड घेतला. सूड नव्हता तो. मी घडलं तेच लिहिलं. मावशींच्या खिडकीखालून जाणारा मी होतो, ते लोक नव्हते. आणि पहिल्याच वेळी मी कागद दिला असता तर त्याच्यावर नोटीस येण्याची वेळच आली नसती. फरशी बसली असती, दोस्ती राहिली असती. म्हणजे लेखी देणं हे त्याच्याही भल्याचं होतं. हे मी बायकोला कितीदा समजावलं! ती गेली, पटलं नाही तिला. असो. तुझं पत्र आहे हे.

तर ओळखीच्या माणसाला आधी लेखी दे. अनोळखी माणसाला एक वेळ तोंडी चालेल. (नाही, त्यालाही लेखीच दे.)

पुढची पायरी. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर माहितीचा अधिकार, 2005. गुजरातेत फी 20 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. इथे नवशिके एक चूक हमखास करतात: "पाणी घाण का येते?" असं विचारतात. 'का'चं उत्तर त्या कायद्यात नाही. कागद माग. अमुक नंबरच्या तक्रारीवर कोणी, कोणत्या तारखेला काय शेरा मारला त्याची प्रत द्या. निकाली काढण्याआधी जागेवर कोण गेलं त्याचा अहवाल द्या. याच कायद्याच्या कलम 2(जे) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचे नमुने घेण्याचा हक्कसुद्धा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. उत्तर आलं नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील, मग 90 दिवसांत माहिती आयोग. आणि 'स्वागत' आहे, गुजरात सरकारचा तक्रार ऐकण्याचा कार्यक्रम, 24 एप्रिल 2003 पासून चाललाय, महिन्याच्या चौथ्या गुरुवारी गाऱ्हाणी ऐकतात. तिथेही आधी विचारतील, खाली अर्ज केला होता का? तेव्हा काय दाखवशील, रील?

कॉर्पोरेटरचा राग मानू नकोस. शहरात 19 वॉर्ड आणि 76 कॉर्पोरेटर, म्हणजे प्रत्येक वॉर्डात चार. चौघांना एकच कागद दिलास की प्रत्येकाला वाटतं, उरलेले तिघे बघतील. कागद अधिकाऱ्याच्या नावे दे, चौघांना प्रत पाठव आणि खाली तसं लिही. ज्यांनी बाबांना फोन केला त्यांना माझ्या मते सगळ्यात आधी पाठव. फोन करण्याइतकं त्यांना लागलं, हे काही वाईट लक्षण नाही.

आणि तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जे 'सयाजीरावांच्या वेळी असं नव्हतं' म्हणतात त्यांच्या नादी लागू नकोस. आजवाचं पाणी शहरात आणण्याचं काम महाराजांनी 1890 च्या आसपास केलं. त्यांना जाऊनही 1939 पासून किती वर्षं झाली ते मोज. तुमची नळी बघायला ते येणार नाहीत. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, मगरी रस्त्यावर आल्या आणि मगरीचे व्हिडिओ मला अठरा जणांनी पाठवले. तुंबलेल्या कांसेच्या तोंडाचा फोटो एकानेही पाठवला नाही. तो मी काढला. धूसर आला, पण त्याला नंबर आहे.

माझ्या फायलीत आजवर 63 अर्ज आहेत. 38 कामं झाली, 16 अर्धवट, 9 तशीच. पोरं मला 'अरजीवाले काका' म्हणतात, तूही म्हणायचीस लहानपणी, मी ऐकलंय. बाबा काळजीने ओरडतात तुझ्यावर, ते मला कळतं. पण त्यांना सांग, अर्जात कोणाचं नाव नाही, फक्त नळी आहे. मी जे केलं ते तू करू नकोस. नळीबद्दल लिही, माणसाबद्दल नको. हे बायकोचं म्हणणं होतं. आज तुला सांगताना पहिल्यांदा बरोबर वाटतंय, काय करू.

सोमवारी साडेदहाला ये, आपण खिडकीवर बरोबर जाऊ. आठ दिवसांची नोंद घेऊन ये, अर्धवट असली तरी चालेल. कागद दोन प्रतींत आण. मजकूर गुजरातीत मी लिहून ठेवतो, पण इतक्या वर्षांनीही माझा हात अक्षरांवर मराठी रेघ ओढून जातो, तेवढं तू बघ. आणि येताना तो उडालेला मेसेज परत मिळतो का ते कोणाला तरी विचार. पहिला नंबर मला हवाच आहे.

काका