जुबेलच्या शटडाउनला येताय? फ्लँज खोलण्या-बांधण्याबद्दल आधी हे वाचा

“दादा, मी लोटे एमआयडीसीत फिटर आहे, आयटीआय झालंय. सौदीत जुबेलच्या शटडाउनसाठी मुंबईत ट्रेड टेस्ट आहे. फ्लँज खोलून परत बांधायला देतात म्हणे. तेच तर मी रोज करतो, मग तिकडे वेगळं काय बघतात?” असं तू विचारलंस. (शटडाउन म्हणजे दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवणं. फ्लँज म्हणजे पाइपच्या टोकाची बोल्टने जोडायची चकती, आणि दोन फ्लँजमधे गळती रोखायला बसतं ते गॅस्केट.) जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे आणि अर्धवट उत्तरावर आलेली पोरं इथे जुबेलला पहिल्याच शटडाउनला अडचणीत येतात.

टेस्ट घेणारा तुझा जोर बघत नाही, क्रम बघतो. पाना उचलण्याआधी तू काय विचारतोस, इथून तो गुण द्यायला लागतो. रिकाम्या टेस्ट-स्पूलवर, म्हणजे टेस्टसाठी ठेवलेल्या पाइपच्या तुकड्यावरसुद्धा, “परमिट आहे का? लाइन आयसोलेट आहे का? प्रेशर शून्य कुणी बघितलं?” हे तोंडाने विचार (परमिट म्हणजे कामाची लेखी परवानगी, आयसोलेट म्हणजे बाकी प्लँटपासून तोडलेली). लाजू नकोस.

प्रत्यक्ष प्लँटमध्ये परमिटवर लाइन नंबर आणि जॉइंट नंबर असतो. ऑपरेटरला सोबत घेऊन त्या जॉइंटपाशी जायचं, हात लावून “हाच ना?” असं खात्रीने विचारायचं. पाइप रॅकवर एकसारख्या चार लाइनी शेजारी धावतात आणि चुकीचा फ्लँज खोलला जाणं ही जगभरच्या प्लँटमधली जुनी दुर्घटना आहे. व्हॉल्व्ह बंद आहे म्हणजे आयसोलेशन झालं असं धरायचं नाही, व्हॉल्व्ह पास होतात, म्हणजे बंद असूनही आतून गळतात. मधे ब्लाइंड, म्हणजे लाइन अडवणारी भरीव चकती, पडलाय का बघ. लॉकबॉक्सवर, म्हणजे आयसोलेशनच्या किल्ल्या ठेवलेल्या पेटीवर, स्वतःचं कुलूप घाल, किल्ली स्वतःच्या खिशात. दुसऱ्याच्या कुलपाच्या भरवशावर हात घालायचा नाही.

गेजचा काटा शून्यावर असला तरी तेवढ्यावर जाऊ नकोस. व्हेंट (वरचं हवेचं तोंड) आणि ड्रेन (खालचं निचऱ्याचं तोंड) दोन्ही उघडे हवेत. आमच्या युनिटला एका कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) लाइनचा ड्रेन पूर्ण उघडा होता आणि खाली थेंब नव्हता. सगळे म्हणाले लाइन रिकामी. ड्रेन गाळाने चोक झाला होता आणि मागे गरम पाणी तसंच उभं होतं. पहिला स्टड (दोन्ही टोकांना नट असलेला बोल्ट) ढिला करताच फ्लँजच्या खालच्या कडेला ओलसर काळी रेघ उमटली, मग तिथून बारीक वाफ यायला लागली. खोलणारा माणूस पलीकडच्या बाजूला उभा होता, म्हणून काही झालं नाही. उघड्या ड्रेनमधून थेंबही आला नाही तर थांबायचं आणि ऑपरेटरला बोलवायचं.

आता खोलण्याचा क्रम. समज 6 इंची, क्लास 300 चा (क्लास म्हणजे दाबाची श्रेणी) फ्लँज आहे, त्याला पाऊण इंची 12 स्टड. आधी पाइप कशावर टेकलाय ते बघ. सपोर्ट नसेल तर चेन ब्लॉक, म्हणजे साखळीची उचलणी, लाव. बोल्ट सुटले की ताणात बसवलेला पाइप उसळतो आणि बोटं जातात ती तेव्हाच. वाऱ्याकडे पाठ करून, जॉइंटच्या बाजूला उभा राहा. तोंड फटीसमोर कधीच नको. फेस शील्ड खाली असू दे.

पहिला ढिला करायचा तो तुझ्यापासून सर्वांत लांबचा, खालच्या बाजूचा स्टड. अर्धा फेरा, बस. मग त्याच्या शेजारचे. जवळचे अजून टाइटच राहू देत, म्हणजे आत काही उरलं असेल तर ते तुझ्यापासून लांब सुटेल. नट पूर्ण काढायचा नाही, स्टडवरच ठेवायचा. मग पलीकडच्या बाजूने फ्लँज स्प्रेडर किंवा पाचर लावून गॅस्केटची पकड सोडव. फट दिसली की थांब आणि बघ. ठिबकून ठिबकून थांबलं तर पुढे चल. वाढत गेलं तर तेच नट परत आवळ आणि बाजूला हो. आत काहीच नाही अशी खात्री पटेपर्यंत चार स्टड तरी नटांसकट जागेवर हवेत. फटीत बोट घालून गॅस्केट काढायचं नाही, कितीही घाई असली तरी.

सावर लाइन असेल, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडची, तर अंगावर गॅस डिटेक्टर लागतोच. तो बहुतेक ठिकाणी 10 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग) वाजतो. सडक्या अंड्यांच्या वासावर भरवसा ठेवू नकोस. 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणून गॅस गेला असं वाटतं. अशा लाइनीत काळी भुकटी असते, आयर्न सल्फाइडची. ती वाळली की हवेत आपोआप पेट घेते, म्हणून पाणी मारून ओली ठेवायची.

गंजलेला नट सुटत नसेल तर पान्याला पाइपचा तुकडा लावून लीव्हर वाढवू नकोस. इथे सेफ्टीवाल्याने ते बघितलं तर त्याच दिवशी साइटबाहेर काढतात, आणि बरोबरच करतात, कारण पाना सटकला की माणूस मचाणावरून जातो. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मार. स्लॉगिंग पाना, म्हणजे घणाने ठोकायचा पाना, वापरलास तर तो दोरीने बांध. घण मारताना पाना दुसऱ्याला हाताने धरायला लावायचा नाही. तरीही ऐकलं नाही तर नट स्प्लिटर, म्हणजे नट फोडायचं हत्यार. गॅस कटर म्हणजे वेगळं हॉट वर्क परमिट, म्हणजे आग-ठिणगीच्या कामाची परवानगी.

फ्लँजच्या तोंडावर बारीक गोल रेघा असतात, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. गॅस्केट त्या रेघांत रुतून बसतं. पितळी ब्रशने रेघांच्या दिशेनेच साफ कर. ग्राइंडर लावलास तर फ्लँज कामातून गेला. आतून बाहेर आडवा गेलेला एखादा ओरखडा दिसला तर सुपरवायझरला दाखव, तो हमखास गळतो. जुनं गॅस्केट परत बसवायचं नाही, कालच टाकलेलं असलं तरी. नवं घेताना कड वाच: साइज, क्लास, धातू सगळं तिथे छापलेलं असतं. स्पायरल वाउंड गॅस्केटला (धातूची पट्टी आणि मऊ फिलर गुंडाळून केलेलं) रंगाची खूण असते: पिवळी कड 304 स्टेनलेस स्टीलची, हिरवी 316 ची, राखाडी पट्टे ग्रॅफाइट फिलरचे, पांढरे पीटीएफईचे. गॅस्केट चिकटून राहावं म्हणून ग्रीस लावतात, ती सवय आपल्याकडची आहे. ती लोट्यालाच सोडून ये. स्टडवर बी 7 आणि नटावर 2 एच हा दर्जाचा शिक्काही बघून घे. पेटीतले सगळे स्टड एकसारखे दिसतात, पण असतातच असं नाही.

बांधताना दोन्ही तोंडं समांतर हवीत: 200 मिमीला 1 मिमीपेक्षा जास्त फरक नको, आणि भोकं 3 मिमीपेक्षा जास्त सरकलेली नकोत. त्याहून जास्त असेल तर चेन ब्लॉकने ओढून बोल्ट घुसवायचे नाहीत. पंपाच्या नोझलवर तर अजिबातच नाही, त्याचं अलाइनमेंट जातं.

आटे साफ कर. सांगितलेलं वंगणाचं कंपाउंड आट्यांना आणि नटाच्या बुडाला, दोन्हीकडे लाव. हे मी पोरांना पुन्हा पुन्हा सांगतो, कारण पान्याला दिलेल्या जोरातला साधारण दहावाच भाग स्टडला ताणतो, बाकी सगळा घासण्यात जातो. एक स्टड माखलेला आणि शेजारचा कोरडा असेल तर टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या पिळाला खूण देणारा पाना, दोन्हीकडे सारखाच ‘टक्’ करेल, पण दोन्ही स्टडमधला ताण खूप वेगळा असेल. गळती तिथूनच सुरू होते. रेंचवर कॅलिब्रेशनचा स्टिकर चालू तारखेचा आहे ना, आणि आकडा फूट-पाउंडात आहे की न्यूटन-मीटरमध्ये, हेही बघ. एक फूट-पाउंड म्हणजे 1.356 न्यूटन-मीटर. इथे दोन्ही एकक चालतात.

मार्करने नंबर टाक. 12 बोल्टला 1-7-4-10, मग 2-8-5-11, मग 3-9-6-12. आधी हाताने बसव, मग ठरलेल्या टॉर्कच्या 20 ते 30 टक्के, मग 50 ते 70, मग पूर्ण. प्रत्येक फेरीनंतर चार ठिकाणी फट मोज. शेवटी पूर्ण टॉर्कवर एकापाठोपाठ एक असा गोल फेरा, नट हलायचे थांबेपर्यंत. ही शेवटची फेरी बरेच जण टाळतात. एक बोल्ट आवळला की शेजारचा सैल होतो, म्हणून ती लागते. दोन्ही टोकांना नटाबाहेर एक-दोन आटे दिसले पाहिजेत. एक इंच आणि त्यापुढच्या बोल्टला बहुतेक साइटवर हायड्रॉलिक टॉर्क लावतात, ते काम वेगळ्या टीमचं.

तात्पुरता ब्लाइंडसुद्धा असाच पूर्ण बांधायचा. 6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर 167 माणसं गेली. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्याजागी ब्लाइंड फ्लँज लावला होता, तो गळतीबंद नव्हता. रात्रपाळीला याची कल्पना नव्हती. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला आणि तिथून सुटलेल्या वायूने स्फोट झाला, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. शिफ्ट संपताना काम अर्धं राहिलं तर पुढच्या माणसाला जॉइंटपाशी नेऊन दाखव, टॅग लाव, परमिटवर लिहून घे. आणि लाइन चालू झाल्यावर गळती दिसली तर स्वतःच्या मनाने पाना लावायचा नाही, ऑपरेटरला कळवायचं.

कागदांचं थोडक्यात. दहावी पास असशील तर पासपोर्ट ईसीएनआर (परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरी लागत नाही असा) असतो, ईसीआरचा शिक्का आहे का तपास. एजंटचं लायसन्स सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघ. त्याला कायद्याने जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, तेही पावतीवर. व्हिजिट व्हिसावर कामाला पाठवतो म्हणाला तर तिथूनच परत फीर. करारात ओव्हरटाइमचा दर, राहणं-जेवण आणि परतीचं तिकीट लिहिलेलं हवं. उन्हाळ्यात आलास तर 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12 ते 3 उन्हात काम करून घ्यायला इथे बंदी आहे, हेही माहीत असू दे.

टेस्टला जाण्याआधी लोट्यालाच एखादा जुना 8 बोल्टचा फ्लँज मागून घे आणि 1-5-3-7, 2-6-4-8 हा क्रम न बघता जमेपर्यंत कर. टेस्टची तारीख कळली की सांग. करारातलं काही अडलं तर त्या पानाचा फोटो पाठव, सही करण्याआधी.