मुलाचा बेनिफिट: आधी हे बघ
ताई, अमेरिकेत मिस्टरांना अपंगत्वाचे सरकारी पैसे मिळतात, तर त्यावर मुलालाही काही मिळेल का, असं विचारलंस ना, तर पहिलं म्हणजे मिस्टरांना जे मिळतंय ते एसएसडीआय (नोकरीत भरलेल्या करावर मिळणारं अपंगत्वाचं बेनिफिट) आहे ना ते लेटरवर नीट बघ, कारण एसएसआय (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी मदत) असेल तर त्यावर मुलाला वेगळं काही मिळत नाही. एसएसडीआय असेल तर १८ च्या आतल्या मुलाला त्यांच्या रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, फॅमिली मॅक्झिमममुळे (सगळ्या घराला मिळून ठरलेली कमाल रक्कम) कमी बसू शकेल पण मिस्टरांचा चेक काही कापत नाहीत, ती भीती काढून टाक. सोशल सिक्युरिटीला (हे पैसे देणारं सरकारी ऑफिस) फोन करून आजच अपॉइंटमेंट घे, अर्जाच्या आधीचे थकलेले पैसे फार तर १२ महिन्यांचेच देतात गं. जन्मदाखला ओरिजिनल ने, झेरॉक्स चालत नाही. आणि पैसे मुलावरच खर्च कर, पावत्या जपून ठेव, हिशोब विचारू शकतात.