आधी भेग बघ, मग मशीन

लातूर

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. हिऱ्यातल्या मेल्ट-फ्लुइड इन्क्लूजनवर, म्हणजे आत अडकलेल्या वितळरसाच्या, द्रवाच्या डागांवर, काम करायचंय असं आपल्या भागातलं कुणी म्हणलं की मला लई आनंद होतो. घरचे विचारायलेत की "हिऱ्यावर रिसर्च म्हणजे सुरतला जायचं का", तर त्यांना सांग, बाजारात डाग आहे म्हणून ज्या खड्याचा भाव पडतो तोच आपल्याला पाहिजे.

आधी रामन (लेसरच्या उजेडानं खनिज ओळखायचं तंत्र) शिकू का प्रोब (इलेक्ट्रॉनच्या झोतानं रासायनिक घटक मोजायचं मशीन), असं विचारलंस. माझं म्हणणं, आधी साधा मायक्रोस्कोप. डाग दिसला की फोकस वर-खाली करत राहा, त्याच्याभोवती बऱ्याचदा गोल काळी भेग दिसेल. हिरा वर येताना बाहेरचा दाब उतरतो, आतलं खनिज फुगायला बघतं, हिरा जागचा हलत नाही, म्हणून तिथं तडा जातो आणि तड्यात ग्राफाइट बसतं. ती भेग पृष्ठभागापर्यंत पोचलीय का, हे सगळ्यात आधी ठरव. पोचली असेल तर वरून पाणी, लोखंडाचा गंज आत शिरलेला असू शकतो आणि मग तू मोजायलीस ते दीडशे-दोनशे किलोमीटर खालचं नाही तर नदीच्या वाळूतलं. बरणीचं झाकण नीट बसलेलं नसेल तर आतल्या लोणच्याला मसाला काय घातला होता ते कोण सांगणार?

फ्लुइडचं बरंचसं काम फायब्रस, म्हणजे तंतूंसारखे वाढलेल्या, हिऱ्यांवर झालंय. हे हिरे धुरकट, झपाट्यानं वाढलेले, आणि आत एक मायक्रॉनपेक्षाही लहान असे असंख्य थेंब. १९८८ मध्ये ओडेड नाव्होन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात दाखवलं की हा मॅन्टलमधला, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातला, द्रव आहे. पुढे त्याचे मुख्य चार प्रकार ठरले, खारट, सिलिकावाला, आणि दोन कार्बोनेटवाले, एकात मॅग्नेशियम जास्त, एकात कमी. २०१५ मध्ये याकोव वाइस आणि मंडळींनी कॅनडातल्या एकाटी खाणीच्या हिऱ्यांवरून मांडलं की खाली गेलेल्या समुद्रतळाच्या पट्ट्यातून खारट द्रव येतो आणि वाटेतल्या खडकांशी रिॲक्ट होत होत त्याच्यापासूनच बाकीचे बनतात. हा पेपर तू घाईत वाचू नको, आकृत्या हातानं परत काढून बघ.

आणि एक ध्यानात ठेव, तुला दिसणार तो मूळ द्रव नाहीच. खाली एकजीव होतं ते थंड होताना वेगवेगळं झालं, अभ्रक, कार्बोनेट, ॲपेटाइट आणि उरलेलं खारं पाणी, आणि हे सगळं इथं टेबलावरच्या खड्यात अजूनही दीड-दोन गिगापास्कल दाबाखाली कोंडलेलं, म्हणजे हवेच्या दाबाच्या १५-२० हजार पट. हे सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. प्रोबचा बीम मात्र मुख्यतः हिऱ्यातूनच जातो, घटकांची टोटल १०० टक्क्यांच्या आसपाससुद्धा येत नाही, मग ते १०० वर नॉर्मलाइज करतात, म्हणजे प्रमाण तेच ठेवून बेरीज १०० करतात, आणि पाणी-कार्बोनेट त्यात धरलेलंच नसतं. त्यामुळं टेबलातले आकडे बघून हुरळून जाऊ नको, एफटीआयआर (इन्फ्रारेड प्रकाश कुठं किती शोषला जातो ते मोजणं) जोडीला पाहिजेच. त्यात पाणी-कार्बोनेट दिसतं आणि हिऱ्यातल्या नायट्रोजनच्या १२८२ आणि ११७५ प्रति सेंटीमीटरच्या शोषण-पट्ट्यांवरून हिरा किती काळ, किती उष्णतेत राहिला याचाही अंदाज येतो.

हिरा हातात यायला वेळ लागेल, तोवर बसून राहू नको. आपल्याकडं विहीर खोदताना, खडीच्या खदानीत गारगोट्या निघतातच, जालना-संभाजीनगरकडं तर झिओलाइट, ॲपोफिलाइट या खनिजांसोबत. त्यातला एखादा पारदर्शक क्वार्ट्झ नाहीतर कॅल्साइट घे, दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेली पातळ चकती कर. शोधावं लागेल, पण एखाद्या पोकळीत पाणी आणि त्यात हलणारा बुडबुडा सापडेल. हीटिंग स्टेजवर (मायक्रोस्कोपखाली नमुना तापवायचं बैठं साधन) सावकाश तापव, बुडबुडा आकसत जातो, थरथरतो आणि एका तापमानाला गायब होतो. ते लिहून घे, थंड कर, परत तापव. दुसऱ्या वेळी तापमान वेगळं आलं की समज, पोकळी गळायलीय. हिऱ्यातल्या बारीक थेंबांत असला बुडबुडा दिसणार नाही, पण नजरेला आणि हाताला सवय इथंच लागते.

२०१४ चं रिंगवुडाइट, खोल मॅन्टलमधलं खनिज, तुला माहीत असेलच, ब्राझीलच्या जुईनाचा मळकट तपकिरी हिरा, दुसरंच खनिज शोधता शोधता त्यात हे सापडलं, जवळपास दीड टक्का पाणी असलेलं, ४१० ते ६६० किलोमीटरच्या पट्ट्यातलं. २०१६ मध्ये कलिनन या प्रसिद्ध मोठ्या हिऱ्याच्या जातीच्या हिऱ्यांत लोखंड-निकेल-कार्बन-गंधकाचा गोठलेला धातुरस आणि त्याच्याभोवती मिथेन-हायड्रोजनचा पातळ थर सापडला, तेही बरंचसं पैलू पाडताना उरलेल्या तुकड्यांतून. तो मिथेन खडा फोडला की गेला. म्हणून फोडायची, लेसर मारायची घाई कुणी कितीही केली तरी आधी फोटो, रामन, एफटीआयआर, जमलं तर एक्स-रे टोमोग्राफी (खडा न फोडता आतलं त्रिमितीय चित्र), मग बाकीचं.

रिसर्चच्या गाइडला भेटशील तेव्हा लॅबमध्ये कोणतं मशीन आहे ते नंतर विचार. आधी विचार की सॅम्पल कुठलं, मध्य प्रदेशातल्या पन्नाजवळच्या मझगवांचं, आंध्रातल्या वज्रकरूरचं का देशाबाहेरचं, कुणी गोळा केलं, कोणत्या ॲसिडनं साफ केलं, आधी कुणी तापवलंय का. हे लेखी मिळाल्याशिवाय सॅम्पल ताब्यात घेऊ नको, गाइड कितीही मोठा असला तरी.

तुझे सर